बारसं न झालेली मुलगी

हे लिहायला बसले तेव्हा भावजयीनं एकच अट घातली. "आक्का, काय लिहायचं ते लिहा, पण नाव कुणाचं घालू नका." नावांबद्दल लिहायचं आणि घरातल्या एकाचंही नाव घ्यायचं नाही, म्हणजे भाकरी थापायची पण पिठाला हात लावायचा नाही. मी जरा फणकारले. मग म्हटलं, बरं. छापलेल्या नावाची तिला धास्ती आहे आणि ती का आहे ते मला ठाऊक आहे.

मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. तीसेक वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली, म्हणजे रोज सकाळी नावंच वाचली. माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आणि सासरही त्याच पेठेत, त्यामुळे नोकरी लागेपर्यंत पेठेबाहेरची नावं फारशी कानावर पडली नव्हती. पहिली नेमणूक मिळाली ती गडहिंग्लजच्या पलीकडच्या गावात, जिथं आईला अव्वा म्हणतात आणि मराठीत सुरू झालेलं भांडण कानडीत संपतं. पहिल्याच दिवशी माझी जीभ अडखळली. निंगाप्पा, मल्लव्वा, आदगोंडा, पायगोंडा. यातला शेवटचा एका जैन शेतकऱ्याचा मुलगा. त्याचं नाव मी पुन्हा पुन्हा चुकवायला लागले तेव्हा तो उठून उभा राहिला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, नुसतं गोंडा म्हना, चालतंय." अख्खा वर्ग हसला, मीही हसले. गोंडा म्हणजे गौडा, गावचा पाटील, असं तिथली माणसं सांगायची. अंगठा चोखणारं पोर आणि नावात पाटीलकी.

बदली होऊन परत कोल्हापुरात आले तर इथली आपलीच तऱ्हा वेगळी. दादासो, बापूसो, आण्णासो, तात्यासो. हे 'सो' म्हणजे साहेब. लिहिताना लहान केलेला आणि मग बोलण्यातही तसाच राहिलेला. पहिलीच्या वर्गात माझ्यासमोर एका बाकावर रावसाहेब आणि बाळासाहेब बसायचे. "रावसाहेब, नाक पुसा आधी," असं मी कितीदा म्हटलं असेल. बाहेरगावचे साहेब शाळा तपासायला आले की त्यांना वाटायचं, बाई मुलांना चिडवतायत. मग मी हजेरी दाखवायची. त्यांच्या तोंडाकडं बघायला मला मजा यायची, खोटं कशाला बोलू.

पण या साहेबांच्या नावांमागं एक चाल आहे आणि ती माझ्या घरातच मी पाहिली. पूर्वी सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. आणि नातवाला तर वारलेल्या आजोबांचंच नाव ठेवायचं, तोही मान. आता त्या पोराला आईनं हाक कशी मारायची? आणि हाक एक वेळ जमेल, शिव्या कशा द्यायच्या? सासऱ्याचं नाव घेऊन "गाढवा, कुठं उलथलास" असं म्हणण्याची कुणाची छाती होणार? म्हणून घरात पोराला आप्पा म्हणायचं, दादा म्हणायचं, बाळासाहेब म्हणायचं, आणि खरं नाव कागदावर ठेवून द्यायचं. पुढं पुढं लोकांनी ती हाकच कागदावर चढवली.

माझ्या धाकट्या भावाचं तसंच झालं. कागदावर आजोबांचं नाव, घरात आप्पा. पहिलीत गेला तेव्हा गुरुजींनी आठवडाभर त्याची गैरहजेरी लावली, कारण ते नाव घ्यायचे आणि हा पुढच्या बाकावर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचा. आईनं शाळेत जाऊन सांगितलं, "गुरुजी, त्येला आप्पा म्हना, त्यो लगीच ओ देतोय." गुरुजी म्हणाले, "मग त्याला त्याचं नाव सांगा की घरात." आई तशीच परत आली. ती कशी सांगणार? शेवटी मीच त्याला मागच्या दारी नेलं आणि त्याचं नाव त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे तर आजोबांचं हाय." मी म्हटलं, "आता तुझं हाय." आज तो मोठा झालाय, शिरोलीला स्वतःचं वर्कशॉप आहे, पण त्या दिवसापासून त्याच्या सगळ्या नावगावाच्या कामात मी आहे असं मला वाटत आलंय. आणि मी त्याची एकुलती बहीण, म्हणजे त्याच्या मुलांची एकुलती आत्या.

आत्या म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते. बारशाला बाळ पाळण्यात घातलं की आत्या वाकते, त्याच्या कानात आधी "कुर्रर्र" करते, मग नाव सांगते, आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. हळू नाही, चांगले धपाधप. कोल्हापूरच्या बायका या बाबतीत हात राखत नाहीत. पण त्या बुक्क्यांचा मान मोठा. नाव आधी बाळाला कळतं, मग जगाला, आणि मधे फक्त आत्या.

माझं स्वतःचं नावही आत्यानंच ठेवलेलं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं दुसरं लिहिलं. वाकून बघितलं तेव्हा कळलं की उद्यापासून आपण ह्या. जुन्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून गेली आणि मलाही आता त्याचं फारसं काही वाटत नाही. सांगायचं ते एवढंच, की नाव ठेवायला आत्या आहे, बदलायला नवरा आहे, पण नऊ महिने पोटात वाढवणारीला या सगळ्यात कुणी विचारत नाही. ती पाळण्याशेजारी पाटावर बसते आणि ओटी भरून घेते.

भावाला पहिला मुलगा झाला तेव्हा मी महिनाभर आधीपासून नाव शोधत होते. माझा हट्टच होता की अर्थ बघून नाव ठेवायचं. हल्ली वर्गात अशी नावं यायला लागली होती की पालकांना अर्थ विचारला तर ते मोबाईल काढायचे. मी कोश काढला. शेवटी एक नाव निवडलं. त्याचा अर्थ दीर्घायुषी. दणक्यात बारसं झालं, माझी पाठ दोन दिवस दुखत होती. भावाच्या तालमीतल्या मित्रांनी तर चौकात फ्लेक्स लावला. आमच्याकडं वाढदिवस असो की गाडी घेतलेली असो, फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कुणाला वाटत नाही. बाळाचा हा मोठा फोटो, खाली त्याचं नाव लाल अक्षरात, आणि कडेनं हात जोडलेले पंधरा-वीस काका.

बाळ दुसऱ्या महिन्यात गेलं. हृदयाला जन्मतःच काहीतरी होतं, डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आम्हाला समजलंही. पण फ्लेक्स काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. लावणाऱ्यांना वाटलं घरचे काढतील, घरच्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. भावजय फार्मसी शिकलेली, मेडिकलच्या दुकानात कामाला. ती पुन्हा कामावर जायला लागली त्या दिवशी चौकातून गेली आणि तिनं वर बघितलं. मग ती रोज मागच्या गल्लीनं लांबून जायला लागली. आम्हाला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा भाऊ एकटा शिडी घेऊन गेला आणि फ्लेक्स उतरवून आणला. तो त्यानं घडी करून कुठं ठेवला ते आजतागायत मी विचारलेलं नाही.

त्यानंतर दिवस राहिले आणि तेही टिकले नाहीत. मग बऱ्याच काळानं मुलगी झाली. ठणठणीत, काळीसावळी, आवाज तर असा की दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, ही नक्की मंगळवार पेठेतली.

मी नाव काढून तयार होते. यावेळी अर्थबिर्थ काही बघितला नव्हता, नुसतं गोड होतं म्हणून घेतलं होतं. बाराव्या दिवशी सकाळी पेढे घेऊन गेले तर घरात पाळणा नाही, फुलं नाहीत. भावजय बाळाला छातीशी धरून आतल्या खोलीत बसली होती. मला बघून म्हणाली, "आक्का, राग मानू नका. हिचं नाव ठेवायचं न्हाय."

"आज न्हाय?"

"कधीच न्हाय. नाव ठेवलं की सगळ्यांच्या तोंडात जातंय. त्याचं गेलतं की नाही?"

भाऊ बाहेरून ओरडला, "औषधं विकतीस तू! शिकलीसवरलीस!" ती म्हणाली, "औषधं विकतो म्हणूनच सांगतोय. औषधानं काय होतंय आणि काय होत न्हाय ते मला ठावं हाय." आमच्याकडं बायकाही येतो, जातो, सांगतो असंच बोलतात. पण त्या दिवशी तिच्या तोंडी ते फार ठाम वाटलं.

मला राग आला हे मी लपवत नाही. माझा स्वभाव तापट आहे आणि अंधश्रद्धा म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि ही रीत मला नवी नव्हती. वर्गात माझ्याकडं दगडू होते, धोंडू होते, केरबा तर ढिगानं होते. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिनं नव्या बाळाला केराच्या ढिगावर ठेवायचं, दुसऱ्या बाईनं "मला सापडलं" म्हणून उचलायचं, आणि आईनं ते परक्याचं म्हणून सांभाळायला घ्यायचं. मग त्याचं नाव केरबा. इतकं टाकाऊ पोर मरणाला कशाला हवंय? त्या नावांना शहरातली माणसं हसतात. मी कधी हसले नाही. त्यात मला चीड आली ती एकाच नावाची, नकुसाची. तिथं पोर जगावं म्हणून वाईट नाव ठेवलेलं नसतं, मुलगी झाली म्हणून ठेवलेलं असतं. दोन्ही नावं सारखीच ओबडधोबड, पण एकात आईचा जीव अडकलेला आणि दुसऱ्यात कुणाचाच नाही.

म्हणून मी राग गिळला. पण भावजयीचं तेवढ्यावर भागलं नाही. तिला ती रीतही करायची होती, केराची. भावानं डोक्यावर हात मारून घेतला. "इन्फेक्शन झालं म्हणजे?" मग तडजोड झाली. अंगण झाडूनच नव्हे तर फिनेलनं धुऊन घेतलं, नवीन सूप आणलं, त्यावर धुतलेलं दुपटं, दुपट्यावर पोरगी, आणि सुपाखाली नावाला चिमूटभर केर. एवढा निर्जंतुक केर कोल्हापुरात कुणी बघितला नसेल.

उचलायला बोलावलं होतं शेजारच्या खालाला. तिच्या घरात तीन पिढ्या बांगड्यांचा धंदा, पेठेतल्या सगळ्या नवरीमुलींचे चुडे तिच्याच हातचे. ती आली, सुपाकडं बघितलं, हात पदराला पुसले आणि पोरीला उचललं.

"ही मला गावली," ती मोठ्यानं म्हणाली. "ही माझी. तुमी फकस्त सांभाळा. कोन न्यायला आलंच तर त्येला माझ्या दारात पाठवा. मी काय सोडनारी न्हवं."

मी आयुष्यात पुष्कळ चांगुलपणा बघितला आहे, पण मरणाला "माझ्या दारात पाठवा" म्हणून सांगणारी माणसं किती असतात? खालाला स्वतःची चार नातवंडं आहेत. भाऊ, जो आतापर्यंत नाक मुरडून उभा होता, तो पुढं होऊन तिच्या पाया पडला.

जाताना तिनं माझं पडलेलं तोंड बघितलं. म्हणाली, "बाई, रुसू नकासा. आमच्यात बी बाळाच्या कानात आधी अजान देत्यात, नाव मागनं. घाई कशाला?" मला काही ते पटलं नाही. मी काढलेलं नाव मनातच ठेवून घरी आले आणि पेढे शेजाऱ्यांत वाटून टाकले.

घाई नको म्हणता म्हणता पोरगी अडीच वर्षांची होऊन गेली. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा रिकामी राहिली. भाऊ तिला ठकी म्हणायचा, मी सोनी म्हणायची, खाला तिला आपली लेक म्हणायची आणि ईदला तिच्या हाताच्या मापाच्या बांगड्या आणायची. गल्लीतली पोरं तिला नुसतं ए म्हणायची. लस टोचायला नेलं की दवाखान्यातली बाई पुकारायची, "बेबी ऑफ" आणि पुढं भावजयीचं नाव. ही बेबी स्वतःच्या पायानं तुरुतुरु चालत आत जायची आणि बाहेर बसलेले लोक हसायचे. भाऊ पुन्हा पुन्हा विषय काढायचा. आधार काढायचंय, पुढच्या जूनला बालवाडीत घालायचंय. भावजय म्हणायची, "बघू." तिच्या त्या 'बघू'पुढं कुणाचं काही चालत नव्हतं.

पाहुणे आले की पोरीला विचारायचेच, "नाव काय गं तुझं?" आणि ती तोंड उघडायच्या आत आम्ही कुणीतरी उत्तर द्यायचो. अजून ठेवलं न्हाय, ठेवायचंय, मुहूर्त बघतोय, असलं काहीतरी. पाहुणे आश्चर्य करायचे आणि चहा प्यायचे.

नवरात्रातली गोष्ट. दसरा दोन-तीन दिवसांवर आलेला. महाद्वार रोडला खरेदीला म्हणून मी, भावजय आणि पोरगी, तिघी गेलो. संध्याकाळची वेळ, देवीच्या दर्शनाला आलेली माणसं, त्यात खरेदीची माणसं, पाऊल ठेवायला जागा नाही. पोरगी आमच्या दोघींच्या मधे होती. भावजयीला वाटलं तिचं बोट माझ्या हातात आहे, मला वाटलं तिच्या. एका दुकानासमोर वळलो आणि मधे कुणीच नव्हतं.

मी ओरडायला लागले. माझा आवाज वर्ग गप्प करणारा, तो कमी पडणार नव्हता. "सोने! सोनी! ए बाळ!" लगेच चार-पाच बायांनी माना वळवल्या आणि आपापली पोरं चाचपली. त्या गर्दीत प्रत्येकीचं बाळच होतं आणि निम्म्या तर सोन्याच होत्या. "ठकी!" म्हटलं तर एक टोपीवाला हसला. मग माझ्या लक्षात आलं की माझ्याकडं ओरडायला काहीच नाही. आजूबाजूला सगळे आपल्या माणसांना नावानं हाका मारत होते आणि आमच्याजवळ त्या पोरीची अशी एकही हाक नव्हती.

भावजय हाकाच मारत नव्हती. नुसती माणसांच्या पायांमधून बघत चालली होती. मी तिला ओढत पुढच्या चौकातल्या मंडपात नेलं. तिथं एका मंडळाचे कार्यकर्ते माईक घेऊन बसले होते, हरवलेल्या माणसांची नावं पुकारत होते. एक पोरगेला माणूस म्हणाला, "बसा मावशी, घाबरू नका. गावतीया. नाव सांगा."

"ठकी म्हणा," मी म्हटलं.

"मावशी, खरं नाव सांगा की."

"नाव... नाव ठेवलेलं न्हाय अजून."

"वय?"

"तिसरं सरत आलंय."

त्यानं माईक खाली केला. "तिसरं वरीस आणि नाव न्हाय? व्हय मावशी, मग पुकारू काय मी?" तो चेष्टा करत नव्हता. खरोखरच त्याला कळेना काय पुकारावं, आणि मागं दुसरे लोक उभे होते.

भावजयीनं त्याच्या हातातून माईक घेतला. हिसकावून नाही, आपल्याच घरातली वस्तू उचलावी तसा घेतला. मला वाटलं, फ्रॉकचा रंग सांगेल, केस सांगेल. तिनं डोळे मिटले आणि एक नाव घेतलं. मी ते कधी ऐकलेलं नव्हतं. मी मनात ठेवलेलं नाव ते नव्हतं, घरातल्या कुणाचंही नव्हतं. तिनं ते पुन्हा घेतलं. ओरडून नाही, अगदी हळू, तोंडाजवळ कान असावा तसं. तो हळू आवाज खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून सगळ्या महाद्वार रोडवर गेला. कार्यकर्त्यानं मागच्या लोकांना हातानं थांबवलं. ती नाव घेत राहिली, एवढंच, दुसरं काही नाही.

थोड्या वेळानं गर्दीतून एक वेण्या विकणारी बाई आली. तिच्या कडेवर आमची पोरगी, डोक्यात अबोलीची वेणी माळलेली, हातात अर्धं केळं.

"हिची आई कोन?" बाई म्हणाली. "माझ्या पाटीपाशी येऊन बसलीया. नाव इचारलं तर सांगिटलं की लगीच. आनि कर्ण्यावर आलं तशी उठली. 'आई बोलवतीया' म्हनती."

पोरगी आईकडं झेपावली. भावजय मंडपातच खाली बसली आणि तिला पोटाशी घेऊन रडायला लागली. मी त्या बाईचे हात धरले, काय बोलले ते आठवत नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तिला नाव नाही हे आम्हाला इतकं ठाऊक होतं की घरातल्या कुणीही तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

रिक्षात भावजय म्हणाली, "दूध पाजताना कानात म्हणायचो, आक्का. पहिल्या दिवसापासनं. दार लावून घेऊन. तुमचा मान होता, मला म्हायीत हाय. पण मला ऱ्हावलं न्हाय." माझा मान! मला रडू फुटलं. तीन वर्षं मी मनात एक नाव घेऊन रुसून बसले होते आणि ही दाराआड बसून पोरीचं बारसं रोज करत होती.

पण तिला रडू येत होतं ते वेगळ्याच कारणानं. "आक्का, आज समद्यांनी ऐकलं. कर्ण्यावरनं गेलं. आता काय हुईल?" मी आयुष्यभर मुलांना आणि आईबापांना समजावत आले. त्या रिक्षात मला तिला समजावता येईना. मी तिचा हात धरून बसले. पोरगी आमच्या दोघींच्या मांडीवर आडवी पडून केळं खात होती.

घरी भाऊ नुकताच वर्कशॉपवरून आला होता, न्हाणीत तेलाचे हात धूत होता. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं आता हा भडकणार. बायको पोर हरवून आली, वर अडीच-तीन वर्षं नाव लपवून ठेवलं. त्यानं नळ बंद केला. हात पुसले, बाहेर येऊन खुर्चीवर बसला. पोरगी उंबऱ्याशी खालाच्या बांगड्या मांडून खेळत होती, तिला काही झाल्याचं ध्यानातही नव्हतं. भावजय स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी.

भावानं खाकरून घसा साफ केला आणि पोरीला हाक मारली. ते नाव. त्याच्या तोंडून पहिल्यांदा. भावजयीचा हात पटकन पुढं आला, त्याचं तोंड दाबावं तसा, आणि तिथंच थांबला.

"ओ!" पोरगी म्हणाली. उठली, आली, बापाच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. "काय पप्पा?"

त्यानं तिच्या डोक्यातली अबोलीची वेणी सरळ केली. "काय न्हाय," तो म्हणाला. "जा, खेळ."

ती परत गेली आणि बांगड्या मांडायला लागली. भावजय तिच्याकडं बघत होती. दारात कुणी आलं नाही. पोरगी खेळत होती. भाऊ खाली मान घालून बसला होता.

भावजयीनं पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आणि एकदा म्हणा की."